फोटोमागची पाटी

लोकांच्या वतीने 'मला मान्य आहे' असं म्हणणं हा बरीच वर्षं माझा धंदा होता. पनवेलला उरण नाक्याजवळ माझं सायबर कॅफे होतं. 'धंद्यातल्या गमतीजमती लिहा' असं या अंकाच्या संपादकांनी सुचवलं आणि मी हो म्हटलं. लिहायला बसलो तेव्हा कळलं की गमती आहेत, पण त्यांच्या मागे एक गोष्ट उभी आहे. ती टाळून बाकीचं लिहिलं तर ते पुन्हा न वाचता खूण करण्यासारखंच होईल. तेव्हा आधी गमती, मग ती गोष्ट.

दुकान लहान होतं. प्लायवूडच्या आडभिंती, त्यांत सहा कॉम्प्युटर, चपला बाहेर, पैसे तासावर. सुरुवातीला लोक निकाल बघायला आणि रेल्वेची तिकिटं काढायला यायचे. मग मित्र जोडायच्या, फोटो टाकायच्या साइट्स आल्या आणि गिऱ्हाईक बदललं. मोहल्ल्यातल्या बायका यायच्या, त्यांचे नवरे आखातात असायचे. नव्या सोसायट्यांमधले निवृत्त लोक यायचे, त्यांची मुलं परदेशात. करंजाची पोरं आपल्या बोटीसमोर काढलेले फोटो घेऊन यायची. सगळ्यांचं म्हणणं एकच, 'आमचं पण खातं उघडून द्या.'

ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खातं उघडताना नाव, जन्मतारीख, नंबर लिहायचा. मग बारीक अक्षरांचं एक लांबलचक पान येतं, त्यात कंपनीच्या अटी असतात. त्याला जोडून दुसरं पान, तुमच्या माहितीचं कंपनी काय करणार याचं. खाली एक चौकोन. त्यात बरोबरची खूण केल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. ती खूण मी करायचो. गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असायचं, त्याला विचारायचंही माझ्या मनात यायचं नाही. कुणी 'हे काय?' म्हटलंच तर माझं उत्तर ठरलेलं, "काही नाही हो, सगळ्यांना येतं ते."

रुकसानाभाभींचं उदाहरण सांगतो. त्यांचे मिस्टर कुवेतला. फोटो त्यांना लगेच दिसावेत म्हणून मी 'कोणाला दिसावं' या प्रश्नापुढे 'सर्वांना' निवडलं. तेव्हा मला तोच सोपा मार्ग वाटायचा. आठवड्याने भाभी तणतणत आल्या.

"भाईजान, मी शौहरला दाखवायचं म्हटलेलं, आख्ख्या उरणला नाय! नणंदेकडे दावत होती, मी बुखार आहे सांगून गेले नाय. आता ती फोनवर विचारते, बुखार में करंजाला जाऊन पापलेट कैसे खाया?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, डॉक्टरनेच खायला बोलला."

त्या दिवशी मी 'सर्वांना' आणि 'फक्त मित्रांना' यांतला फरक शिकलो, आणि पुढे प्रत्येकाचे फोटो मित्रांपुरते ठेवायला लागलो. खात्याला कुलूप लावून देणारा दुकानदार अशी माझी थोडी ख्याती झाली. मला तिचा अभिमान होता.

अटी खऱ्या अर्थाने वाचणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. अण्णा म्हात्रे. चिरनेरचे. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून त्यांनी आयुष्यभर खरेदीखतं आणि हक्कसोडपत्रं लिहिली होती. नात कॅनडात जन्मली होती, तिचे फोटो बघायला त्यांना खातं हवं होतं. मी सवयीने खूण करायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"काय करतं रं? वाचलंस का?"

"अण्णा, इंग्रजी आहे. फार मोठं आहे."

"मंग तू वाच, मराठीत सांग. तासाचे पैसे मी देतंय ना?"

तीन दुपारी लागल्या. मी एक कलम वाचून मोडक्यातोडक्या मराठीत सांगायचो आणि अण्णा डोळे मिटून ऐकायचे. फोटो तुमचाच राहील, पण तो वापरायचा परवाना तुम्ही कंपनीला देता, असं एका कलमात होतं. अण्णांनी डोळे उघडले. "म्हंजी सातबारा आमच्या नावावर आनि कसनार ते. खंड पन नाय देनार." पुढचं कलम असं की नाव आणि ओळखीचा फोटो कायम सगळ्यांना दिसणार, बाकीच्याला कितीही कुलूप लावा. अण्णा म्हणाले, "दाराव पाटी राहनारच." आणि मग ते कलम आलं ज्याच्यावर ते सगळ्यात जास्त वेळ थांबले. तुम्ही फोनमधले नंबर आम्हाला दिलेत तर आम्ही ते ठेवू, आणि त्यांच्या आधारे तुम्हाला लोक सुचवू आणि लोकांना तुमचं नाव सुचवू.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"माज्या फोनात माज्या भावाचा नंबर हाय. त्याच्याशी माजा जमिनीचा दावा चालू हाय. हे त्याला जाऊन सांगनार का, की हा बघ तुजा भाऊस हितं हाय?"

"तसंच काहीसं."

"आनि भावाला इचारनार नाय?"

"नाही."

अण्णांनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "नंबर देऊ नको. बाकी खूण कर."

"सगळं ऐकून पण करायची?"

"नातीचं थोबाड बघायचं हाय ना. पन आता ती खूण माजी हाय. तुजी नाय."

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिलं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही. कलम मी स्वतः वाचलं होतं, स्वतःच्या तोंडाने मराठीत सांगितलं होतं, तेही दोनदा.

आता माझ्या दोन सवयी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे ओळखीचा फोटो मी दुकानातच काढायचो. ट्यूबलाइटखाली उजेड चांगला पडायचा. गिऱ्हाईकाला मी निळ्या भिंतीसमोर उभं करायचो आणि भिंतीवर माझ्या दुकानाची पाटी होती. नाव, खाली 'उरण नाका, पनवेल', त्याखाली फोन नंबर. फोटो असा काढायचो की पाटी डोक्याच्या वर पूर्ण यावी. फुकटची जाहिरात. करंजापासून आपट्यापर्यंत कितीतरी लोकांच्या डोक्यावर माझं दुकान होतं, आणि मला त्याची फार मौज वाटायची.

दुसरी सवय नंबरांची. स्मार्टफोन आले तसे लोक कॉम्प्युटरऐवजी फोनवर खातं उघडून मागू लागले. मध्येच प्रश्न यायचा, 'तुमच्या फोनमधले मित्र शोधायचे का?' मी 'हो' दाबायचो. दाबलं की लगेच ओळखीचे चेहरे रांगेने यायचे आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. दुसऱ्या दुकानातून उघडलेलं खातं आठवडाभर रिकामं दिसायचं, माझ्याकडचं खातं गिऱ्हाईक दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या आत भरलेलं असायचं. अण्णांना मी नाही दाबलं, कारण त्यांनी सांगितलं. बाकी कुणी सांगत नव्हतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला सुनंदाताई ब्लाऊज शिवायच्या. घाटावरच्या होत्या. मिस्टर बाहेरगावी नोकरीला असतात असं सांगायच्या, आणि ते कधी दिसत नसत. कुणाच्या घरचं कुणी विचारत नाही. मेच्या उकाड्यातही त्यांचा स्वतःचा ब्लाऊज मनगटापर्यंत असायचा. एकदा बाही वर सरकली तेव्हा मला हात दिसला होता, भाजल्याचा जुना व्रण, मनगटापासून वर गेलेला. स्टोव्ह भडकला असेल असं मी मनात म्हटलं आणि विसरलो.

त्यांची मुलगी प्राची दहावी झाली आणि कॉलेजला लागली. आईने आपला फोन तिला दिला, स्वतःला साधा घेतला. दोघी दुकानात आल्या.

"दादा, तिच्या मैत्रिणी सगळ्या त्याच्यावर आहेत. उघडून द्या. पण बाहेरच्या कुणाला ही दिसायला नको हं."

"ताई, काळजीच करू नका. माझ्याकडचं खातं म्हणजे कुलूपबंद."

"नक्की ना?"

"मोहल्ल्यात विचारा."

मी मनापासून काम केलं. फोटो मित्रांपुरते, नंबर लपवलेला, जन्मतारीख लपवलेली. शहराच्या रकान्यात 'पनवेल' लिहिलं, कारण रकाना रिकामा ठेवायला मला आवडायचं नाही. प्राचीला निळ्या भिंतीसमोर उभं केलं. ती लाजत होती. "काका, पाटी माझ्यापेक्षा मोठी येतेय," म्हणाली. मी म्हटलं, "येऊ दे, पाटीमुळे तू उंच दिसतेस." आणि मग तो प्रश्न आला. माझं बोट सवयीने 'हो' वर गेलं. फोन आईचा होता. त्यातले नंबर आईचे होते.

त्यात एक नंबर सुनंदाताईंच्या धाकट्या जावेचा होता. सासरचं एवढंच माणूस त्यांच्या बाजूचं होतं. अडीनडीला असावा म्हणून त्यांनी तो ठेवला होता आणि कधी लावला नव्हता. पण तोच नंबर जावेच्या मुलाने आपल्या खात्याला दिलेला. हे सगळं मला नंतर समजलं. त्याला काही शोधावं लागलं नाही. एके दिवशी त्याच्यापुढे साइटने एक चेहरा आणून ठेवला, 'तुम्ही यांना ओळखत असाल.' ओळखीचा फोटो सगळ्यांना दिसतोच. चेहऱ्याच्या वर माझी पाटी होती.

काही आठवड्यांनी दुपारी दोघं जण दुकानात आले. एक विशीतला मुलगा आणि एक पन्नाशीचे गृहस्थ. पांढरा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. मुलाने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर प्राची, डोक्यावर माझं दुकान.

"साहेब, हे तुमचंच दुकान न्हवं?" गृहस्थ अगदी मऊ आवाजात म्हणाले. "माझी ल्योक हाय ही. लई वर्सं झाली, तोंड बघितलं न्हाई. मायलेकी कुठं राहत्यात तेवढं सांगा. उपकार हुतील."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. मला भरून आलं. दुरावलेलं घर माझ्या दुकानामुळे जुळतंय असं वाटलं, आणि हेही वाटलं की आजवरच्या जाहिरातींत ही सगळ्यात चांगली. पत्ता देणारच होतो. मग म्हटलं, नको, आनंदाची बातमी आधी ताईंना देऊ. त्यांना बसवलं आणि बाहेर येऊन फोन लावला.

"ताई, प्राचीचे वडील आलेत! माझ्या दुकानात बसलेत."

पलीकडे मशीनचा आवाज चालू होता. तो थांबला.

"दादा, माझा हात बघितलायत ना तुम्ही?"

मी वळून बघितलं, ते पेढ्यांचा पुडा मांडीवर ठेवून बसले होते.

"त्यांना बसवून ठेवा. तासभर. चहा पाजा, काहीही करा. इकडे येऊ देऊ नका."

"ताई, मी..."

"बोलू नका. बसवा."

मी आत आलो. मला खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावर लगेच दिसतं. "त्या बाजारात गेल्यात, येतीलच" एवढं बोललो आणि चहा सांगितला. चहा आला, संपला. मुलगा चुळबुळ करू लागला. "काका, आपण गल्लीत विचारू की. हितंच कुठंतरी असतील." गृहस्थ उठले. आणि त्याच वेळी दारात अण्णा म्हात्रे उभे. नातीचे नवे फोटो बघायला ते रोज त्या वेळी यायचे.

मी म्हटलं, "अण्णा, हे पाहुणे घाटावरून आलेत. सुनंदाताईंचे मिस्टर. त्या येईपर्यंत यांना बसवायचंय. तुम्ही यांना चिरनेरची गोष्ट सांगा ना."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. तहसीलबाहेर आयुष्य काढलेला माणूस. समोरचा सही का करतोय हे त्यांना सहीआधी कळायचं. त्यांनी खुर्ची ओढली ती थेट दारात ठेवली आणि तिच्यावर बसले.

"बसा हो पावनं. आमच्या चिरनेरचं जंगल म्हायती हाय का तुमाला? नाय? अरे द्येवा! मंग पनवेलला येऊन काय केलंत?"

जंगल सत्याग्रहाच्या गोष्टीपासून ते आजोबांच्या जमिनीवर आले, तिथून भावाच्या दाव्यावर, दाव्यावरून वकिलांवर. गृहस्थ दोनदा उठले. दोन्ही वेळा अण्णांनी, "आवो, खरी गंमत तर पुडंच हाय," म्हणून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसवलं. म्हातारा माणूस दारात बसलेला, त्याला ओलांडून जायचं कसं? मुलगा म्हणाला, "आजोबा, जरा वाट द्या." अण्णा म्हणाले, "वाटेचाच दावा सांगतंय तुला, ऐक." दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी माझी नजर फक्त भिंतीवर होती. त्या निळ्या भिंतीवर पाटी होती आणि तिच्या खालची जागा रिकामी होती.

शेवटी ते गेलेच. चहावाल्याने खोली दाखवली. दाराला बाहेरून कडी होती, कुलूपही नव्हतं. आत मशीन, सुईखाली कुणाचा तरी अर्धा शिवलेला ब्लाऊज. गृहस्थ परत दुकानात आले तेव्हा त्यांचा आवाज मऊ नव्हता. काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्या काउंटरवर आपटला आणि हात उगारला. मुलाने त्यांना ओढून नेलं. तेव्हा मला दिसलं की सुनंदाताई कशाला घाबरून आल्या होत्या.

पनवेलमध्ये त्यांनी बरीच वर्षं एकेक टाका घालून संसार उभा केला होता. गिऱ्हाईकं, शेजार, मुलीचं कॉलेज. माझ्या एका बोटाने तो एका दुपारी उसवला.

काही दिवसांनी अनोळखी नंबरवरून त्यांचा फोन आला. कुठून ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"दादा, तिचं खातं बंद करा. ती पासवर्ड सांगतेय."

"ताई, माझी चूक..."

"ते राहू द्या. खातं बंद करा. आणि मशीन कुणा गरजूला देऊन टाका."

खातं बंद करताना मला आणखी एक कलम भेटलं. 'बंद' म्हणजे नुसता पडदा. परत आलात की सगळं जागच्या जागी. 'कायमचं काढा' हे वेगळं बटण, आणि ते असं आत ठेवलेलं की शोधावं लागतं. ते दाबल्यावरही काही दिवस थांबावं लागतं आणि मध्ये कुणी चुकून खातं उघडलं तर काढणं रद्द होतं. नंबर मिटवायचे ते तिसऱ्याच जागी. मी तिन्ही केलं. साइटवर एकाही शब्दाची फसवणूक नव्हती. सगळं लिहिलेलं होतं.

पाटी मी त्याच आठवड्यात भिंतीवरून काढली. त्या जागी मोठ्या मराठी अक्षरांत लिहून लावलं: नाव आणि ओळखीचा फोटो सगळ्यांना दिसतो. फोनमधले नंबर देणं सक्तीचं नाही. खूण तुम्ही स्वतः करा, मी वाचून दाखवतो. गिऱ्हाईक कमी झालं. "काका, लेक्चर नको, खातं द्या," म्हणून पोरं शेजारच्या दुकानात जायची. काही थांबायची. रुकसानाभाभी तर सगळं ऐकून म्हणाल्या, "इतनी बातें आधी सांगायची होती ना, भाईजान." मी म्हटलं, हो.

जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून त्यांचे फोटो बदलून दिले. सगळे सापडले नाहीत. आजही कुणाच्या तरी डोक्यावर माझा नंबर असेल.

अण्णा पुढे वारले. त्यांनी मला त्या दुपारबद्दल एकदाही बोल लावला नाही. फक्त एकदा म्हणाले, "मी तुला वाचायला लावलं, आनि तू माज्यापुरतंच वाचलंस."

आता सायबर कॅफे राहिलं नाही. त्याच जागेत मी फोनची कव्हरं विकतो, रिचार्ज मारतो. गेल्या वर्षी दुपारी माझ्या स्वतःच्या फोनवर साइटने एक चेहरा आणून ठेवला. 'तुम्ही यांना ओळखत असाल.' नाव वेगळं होतं, चेहरा प्रौढ झाला होता, पण प्राचीच. सुनंदाताईंचा तो अनोळखी नंबर मी जपून ठेवला होता. लोकांना भिंतीवर लिहून शिकवणाऱ्या मीच माझ्या फोनमधले नंबर साइटला देऊन टाकले होते.

फोटोत प्राचीच्या मागे एक पाटी होती. शिवणकामाच्या दुकानाची. खाली गावाचं नाव. मी वाचलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल.

मला दिसतंय म्हणजे त्या गृहस्थांनाही दिसणार. सांगायला हवं. पण सांगायचं तर मला त्या दोघी सापडल्यात हे कबूल करायला हवं. शेवटी तो जुना नंबर लावला. लागला.

"ताई, पनवेलचा दादा बोलतोय. प्राचीच्या फोटोत तुमच्या दुकानाची पाटी दिसतेय. गावाचं नाव दिसतंय. लगेच काढा."

पलीकडे मशीन चालू होतं. या वेळी ते थांबलं नाही.

"माहितीय, दादा. ती वकील झालीय आता. सगळ्या अटी मला वाचून दाखवल्या तिने, मग मीच म्हटलं, पाटी येऊ दे फोटोत. किती दिवस लपायचं? आता येऊन तर बघू देत."

मी जे खरं होतं तेच बोललो.

"ताई, मशीन मी कुणाला दिलं नाही. दुकानात मागे झाकून ठेवलंय. तेल देतो अधूनमधून."

आता मात्र मशीन थांबलं.

"अजून आहे?"

"आहे."

"सुईखाली एक ब्लाऊज होता."

"तोही आहे."

मागे प्राची काहीतरी विचारत होती, ते नीट ऐकू आलं नाही. मग ताई म्हणाल्या, "पाठवून द्या, दादा. पत्ता लिहून घ्या."

मी कागद शोधला. त्यांनी सावकाश, घराच्या नंबरापासून पिनकोडपर्यंत सगळा पत्ता सांगितला आणि मी तो लिहून घेतला. मग त्यांनी तो माझ्याकडून परत वाचून घेतला, बरोबर आहे ना म्हणून.